पानाचं तापमान

मामांनी वाकून वेलीचं एक पान अंगठा आणि तर्जनीत धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि म्हणाले, "हे साडेसहा नाही, पोरी. तुझं यंत्र साडेसहा म्हणतंय. पान साडेसहा नाही." पहाटेचे पाच वाजायला आले होते. डिसेंबर संपत आलेला, निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, वारा अजिबात नाही, वर आभाळ निरभ्र. बांधाजवळच्या लोखंडी अँगलला मी बसवलेल्या, तापमान मोजणाऱ्या डब्याचा पडदा ६.४३७५ असा आकडा दाखवत होता. मीही एक पान धरून बघितलं, पण बोटं इतकी गारठली होती की त्यांना काहीच कळेना. "बर्फात तपासून आणलंय, मामा," मी म्हणाले. "यंत्राला खोटं म्हणत नाही मी," ते म्हणाले, "पान वेगळं आहे, एवढंच सांगतोय." आणि कानटोपी खाली ओढून ते ओढ्याकडच्या ओळींतल्या शेकोट्या बघायला निघून गेले.

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. म्हणूनच बहुतेक ते वाक्य माझ्याबरोबर पुण्याला आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

थंडीच्या दिवसांत आमच्या घरची सकाळ निफाडच्या आकड्याने सुरू होते. आई आधी पेपरातली ती चौकट शोधते, मग भावाला फोन लावते. "काल पाराच पडला म्हणे तुमच्याकडे?" तिकडून मामा म्हणतात, "ते कुंदेवाडीचं. आमच्या वावरात किती होतं ते देव जाणे." कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला आकडा निफाडचा म्हणून राज्यभर छापला जातो आणि तो बरोबरच असतो. पण मामांची बाग तिथून लांब, ओढ्याच्या अंगाला उतरत गेलेली. शिवाय किमान तापमान म्हणजे रात्रीतला एकच क्षण. वेधशाळेतला किमान तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल, आणि अल्कोहोलात बुडालेली काचेची एक बारीक काडी. तापमान उतरलं की आक्रसणाऱ्या अल्कोहोलचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. चढलं की काडी जिथे पोचली तिथेच पडून राहते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, काडी कुठे थांबली ते वाचतो आणि तापमापक तिरपा करून तिला परत जागेवर आणतो. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती मला क्वचितच कुठे दिसली आहे. मात्र काडी किती वाजता थांबली आणि थंडी तिथे किती वेळ रेंगाळली, हे त्या काडीला सांगता येत नाही. मामांना नेमकं तेच हवं असतं.

कारण मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला जे होतं ते त्या रेंगाळण्याने होतं. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन, असं लागोपाठ झालं की मणी तडकतात. थॉमसन या हिरव्या द्राक्षाच्या जातीत पिंक बेरी दिसायला लागते, हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते आणि निर्यातीचा माल बघता बघता लोकल होतो. म्हणून बायका ओळीओळीने घडांना कागद गुंडाळत जातात. म्हणून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि थ्री फेज लाइट असेल तर बोअरचं पाणी ठिबकला सोडतात, कारण जमिनीखालून येणारं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. वर्षभराचं औषध, मजुरी, सोसायटीचं कर्ज हे सगळं त्या तीन-चार तासांत घडांवर लटकलेलं असतं. अशाच एका सकाळी मामांनी आईच्या हातून फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "तुला ते येतं ना सगळं? मग असं काहीतरी करून दे की माझ्याच बागेतलं सांगेल."

मला येत होतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या गटाने डिजिटल थर्मामीटरच केला होता. तेव्हा तो वर्गातल्या निम्म्या गटांचा प्रोजेक्ट असायचा: ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, त्याला स्वतःला व्होल्टेज मोजता येत नाही म्हणून शेजारी व्होल्टेजचा आकडा करून देणारी एडीसी०८०४ चिप, तापमानाला एलएम३५ हा सेन्सर आणि दाखवायला सोळा बाय दोनचा एलसीडी. एलएम३५ मला पहिल्या दिवसापासून आवडला. तीन पायांचा काळा मणी, आणि त्याचा हिशेब कोणालाही तोंडपाठ व्हावा असा, एका अंशाला दहा मिलिव्होल्ट. मल्टिमीटरवर २५३ मिलिव्होल्ट दिसले की खोलीत २५.३ अंश. ज्या संध्याकाळी ब्रेडबोर्डवरचा पडदा पहिल्यांदा नीट बोलला, तेव्हा काळोख पडलेल्या लॅबमध्ये सोल्डरचा तो राळेचा वास होता आणि मी एलएम३५ चिमटीत धरला होता. आकडा चढायला लागला. सत्तावीस, तीस, बत्तीस. तेहतिसाच्या पुढे जाईना. माझ्या अंगाचं तापमान सदतीस असायला हवं, हे शाळेपासून पाठ. मी आणखी घट्ट दाबून धरला. तेहतीस. तेव्हाच आमचे सर मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "तो तुझं तापमान सांगत नाहीये. तो त्याचं सांगतोय. थर्मामीटरला दुसऱ्या कोणाचं तापमान माहीतच नसतं." बोटाचं टोक आतल्या शरीरापेक्षा थंड असतं, सेन्सरचे धातूचे पाय ब्रेडबोर्डकडे उष्णता वाहून नेतात, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तो बिचारा स्थिरावतो, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मी ते जर्नलमध्ये उतरवून घेतलं, त्याला गुणही मिळाले. समजायला मात्र मामांचं पान यावं लागलं.

आईला हे कुठल्याही फळ्याविना माहीत होतं. लहानपणी अंग कसकसतंय म्हटलं की ती कपाळाला हात लावायची. पण भांडी घासून आलेली असली, हात गार असला, तर हात लावायचीच नाही. पदराने तोंड पुसून गाल टेकवायची. तिच्या गालाला लागलेल्या खोबरेल तेलाच्या आणि फोडणीच्या वासाची झुळूक, आणि एक क्षण दोघींनी धरलेला श्वास. मग कपाटातून काचेचा थर्मामीटर निघायचा, ती तो मनगटाने झटकायची, खिडकीकडे तोंड करून तिरपा फिरवत राहायची, कारण पाऱ्याची रेघ एकाच कोनात दिसते. थर्मामीटर काय म्हणाला ते बाबांना सांगायचं असे. तिचा निर्णय गालाने आधीच झालेला असायचा. आपलं मोजायचं साधन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे ती आधी बघायची. एवढं जरी प्रत्येक मोजणाऱ्याने पाळलं तरी पुष्कळ झालं.

मामांसाठी मी तपकीर गल्लीतून स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणला. बुधवार पेठेतल्या त्या बोळात अजूनही रेझिस्टर मापाने, वायर मीटरने आणि सल्ला फुकट मिळतो. या सेन्सरच्या नकला बाजारात खूप आहेत, म्हणून दुकानदाराला दोनदा विचारून घेतला. तो आतल्या आत मोजून थेट आकडाच पाठवतो, त्यामुळे लांब वायरीत व्होल्टेज गळण्याची भीती नाही, आणि बागेत वायर लांबच लागते. लाल वायर पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळीवर बोलणं, आणि लाल-पिवळीमध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. मायक्रोकंट्रोलर म्हणून अर्डुइनो नॅनो, त्यातला एटीमेगा३२८पी. बोलणं कसं चालतं ते मी ऑसिलोस्कोपवर लावून बघितलं, गरज नसताना, निव्वळ आवडीने. कंट्रोलर वायर निदान ४८० मायक्रोसेकंद खाली ओढून धरतो आणि सोडून देतो. क्षणभर शांतता. मग सेन्सर तीच वायर खाली ओढतो, म्हणजे हजर. त्यानंतरच प्रश्न विचारायचा. प्रत्येक सेन्सरच्या पोटात कारखान्यात कोरलेला ६४ बिटांचा एक क्रमांक असतो, दुसऱ्या कुणाचा नसलेला, म्हणून एकाच पिवळ्या वायरीवर कितीही जण असले तरी ज्याला विचारलं तोच उत्तर देतो.

त्याच्या दोन आकड्यांनी मला बराच काळ विचारात ठेवलं. पहिला ८५. वीज दिल्यावर, एकदाही मोजण्याआधी, त्याच्या स्मृतीत ८५ अंश लिहिलेले असतात. बारा बिटांनी मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढं थांबायची तयारी नसेल आणि लगेच विचारलंत, तर तो शांतपणे ८५ सांगतो. पुण्याच्या घरात, पंख्याखाली, ८५. हे मोजमाप नव्हे, मोजायला सुरुवात होण्याआधीची रिकामी जागा आहे, पण पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. दुसरा −१२७. हा सेन्सर सांगत नाही, प्रोग्राममधली लायब्ररी सांगते: वायर तुटली आहे, तिकडे कोणी नाही. मामांच्या बागेत घुशीने वायर कुरतडली त्या रात्री पडद्यावर −१२७ उमटला आणि मामींनी फोन करून विचारलं, "हे वजा कशाला लागलंय गं? काही वाईट तर नाही?" त्यानंतर मी कोड बदलला. आता तिथे मराठीत 'वायर बघा' असं येतं. सोळा बाय दोनच्या पडद्याला देवनागरी येत नाही, पण आठ अक्षरं स्वतः ठिपक्यांनी काढून देता येतात. 'वायर बघा' त्यात बसवताना मी जितकी रमले तितकी संपूर्ण यंत्र जोडतानाही रमले नव्हते.

आणि ते ६.४३७५. या सेन्सरची पायरी ०.०६२५ अंशाची आहे, म्हणून असे लांबलचक आकडे येतात. पण तो बनवणारेच सांगतात की उणे दहा ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत अर्धा अंश इकडेतिकडे धरून चाला. म्हणजे साडेसहाच्या आजूबाजूला कुठेतरी, एवढंच खरं. पहिल्या दशांशानंतरचे तीन आकडे निव्वळ पायऱ्यांचे. तरी डोळा त्या शेवटच्या पाचावरच जातो आणि तिथेच विश्वास बसतो. हाताने केलेल्या वस्तूने इतकं बारीक बोलावं याचा मला झालेला आनंद खरा होता, आणि तो आनंद मी अजूनही नाकारणार नाही. पण मामांच्या पडद्यावर आता एकच दशांश असतो.

ती अर्ध्या अंशाची चूक कमी करायला बर्फ. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटायचा, फटी भरतील इतकंच पाणी घालायचं, ढवळत राहायचं. बर्फ आणि पाणी एकत्र नांदतात तोवर तिथे शून्य असतं, मग ते भांडं स्टीलचं असो की थर्मासचं. आईने पाटा काढून दिला. त्या थंडगार खिचडीत सेन्सर उभे केले, तेव्हा एकाने ०.०६२५ दाखवलं, एकाने −०.१८७५, एकाने ०.३१२५. प्रत्येकाची चूक त्याच्या क्रमांकापुढे लिहून कोडमध्ये वजा केली. उकळत्या पाण्याची खूण मात्र जपून वापरावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी शंभरला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा शून्य उकळत्या पाण्याला दिलं होतं आणि शंभर गोठणाऱ्या पाण्याला. उलटी झाली ती तो गेल्यानंतर. मला त्याची ती मूळ पट्टी मनापासून आवडते. निफाडच्या पहाटेला ती लावली तर थंडी वाढते तसा आकडा चढत गेला असता, आणि गारठ्यात उभ्या असलेल्या माणसाला ते जास्त पटलं असतं.

तर यंत्र तपासलेलं होतं. डब्याबाहेर, नॅनोच्या उबेपासून दूर, पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा मध्ये फटी ठेवून एकावर एक रचून त्यांच्या पोटात मी सेन्सर टांगला होता, कारण हवेचं तापमान असंच मोजायचं असतं. पुण्यातल्या हवामान खात्याच्या, सिमला ऑफिसच्या, आवारात जी पांढरी, झडपांची, पायांवर उभी लाकडी पेटी असते तिचं हे गरिबाघरचं रूप. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने ती पेटी एकोणिसाव्या शतकात सुचवली आणि अजून जगभर तीच चालते. तापमापकावर थेट ऊन पडू नये, जमिनीची धग लागू नये, हवा मात्र खेळती राहावी. उत्तर गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे वाचताना उघडलं तरी ऊन आत येत नाही. या पेटीमुळेच निफाड, नागपूर आणि ओस्लो यांची तापमानं एका ओळीत मांडता येतात. सगळ्यांना सारखी सावली दिली म्हणून.

पान मात्र उघड्या आकाशाखाली असतं.

हे मला मामांच्या त्या वाक्यानंतर वाचता वाचता लख्ख कळलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री प्रत्येक उघडी वस्तू आपली उष्णता वर, अवकाशाकडे, फेकत राहते. ढग असते तर त्यांनी थोडी परत पाठवली असती. पान पातळ, साठा कमी, समोर सगळं आकाश मोकळं. ते भोवतालच्या हवेच्याही खाली उतरतं. माझा सेन्सर बशांच्या छपराखाली होता, त्याला आकाश दिसतच नव्हतं. तो हवेचं तापमान अगदी बरोबर सांगत होता, आणि मामा पानाचं. कोणीही चुकत नव्हतं. पण वेल पांढऱ्या पेटीत राहत नाही. तिच्या बाजूने बघितलं तर चिमटीतलं पान जास्त खरं होतं. मामांनी हे कोणत्या आकड्याच्या आधाराने म्हटलं असेल? त्यांचीही बोटं गारच होती की. विचारलं तेव्हा म्हणाले, "पान लवचीक राहत नाही. हाताला कडक लागतं. आणि दव कधी धरलं ते बघायचं." दवाचं त्यांचं गणित तर पुस्तकात सापडावं असं आहे: पानावर दव धरायला लागलं की पाण्याच्या वाफेतली उष्णता सुटते आणि पानाचं उतरणं मंदावतं. मामा म्हणतात, दव धरलं की जरा धीर येतो, पण मग सकाळी डाऊनी या बुरशीरोगाची भीती उभी राहते. धीर आणि भीती एकाच थेंबात. द्राक्ष लावलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पुढच्या खेपेला मी नुसती वायर नाही, वेगळा प्रश्न घेऊन गेले. इथे किती आहे हे नको, कोणाचं किती आहे ते बघू. एक सेन्सर बशांमध्ये तसाच ठेवला. एक वरच्या अंगाच्या ओळीत घडांच्या उंचीवर. एक ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीत. आणि पानासाठी एमएलएक्स९०६१४, न टेकता दुरून उष्णता वाचणारा, कोरोनाच्या दिवसांत दुकानांच्या दारात आपल्या कपाळांवर रोखला जायचा त्याच जातीचा. त्याच्या नजरेचा कोन रुंद असतो, त्यामुळे पानाच्या अगदी जवळ बांधावा लागतो, नाहीतर तो मागची माती आणि आकाशही मोजत बसतो. त्या रात्री मामा आणि मी गोधड्या गुंडाळून मोटारीच्या खोलीत बसलो. दोन वाजेपर्यंत चौघेही जवळजवळ एकच बोलत होते. मग फाटत गेले. ओढ्याकडचा सगळ्यांच्या आधी उतरायला लागला, कारण गार हवा जड होऊन पाण्यासारखी उताराला लागते आणि खोलगट जागेत साचते. पान हवेच्या खाली, कधी एक अंशाने, कधी दोनाच्या जवळ. मामा पडद्याकडे बघत होते, पण त्यात त्यांना काही नवीन दिसत नव्हतं. ते फक्त मान हलवत होते. "खालच्या ओळी माझ्या आजोबांनी द्राक्षाला ठेवल्याच नसत्या," ते म्हणाले. "तिथं गहूच असायचा. भाव बघून मी लावल्या." हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला आणि पुढचं बोलणं आम्ही कोणीच वाढवलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला जागा दाखवल्या आणि मी सेन्सर बांधले. इथे वाऱ्याची झुळूक असते, इथे नको. इथे रात्री धुकं थांबतं, इथे लाव. इतकी वर्षं जे त्यांच्या पायांच्या पोटऱ्यांना, कानांना, नाकाच्या शेंड्याला माहीत होतं ते एकेक करून अँगलला बांधलं जात होतं. त्यांना कौतुक वाटत होतं, मला आनंद होता, आणि तरी काहीतरी सरकत होतं. शेवटी मी त्याला सिम८००एल हे फोनचं मॉड्यूल जोडलं. ते कॉल लावताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि त्या धक्क्याने नॅनो झोपून परत उठायचा. एक मोठा कपॅसिटर शेजारी घातल्यावर शांत झालं. ओढ्याकडचा सेन्सर सहाच्या खाली गेला की मामांना मिसकॉल. मामांनी तो नंबर 'बाग' म्हणून सेव्ह केला आहे. मामी म्हणाल्या, "आधी हे थंडीने उठायचे. आता फोनने उठतात. आणि फोन नाही आला तरी उठतात, का नाही आला ते बघायला." मामांनी ते ऐकलं आणि खांद्यावरचा पंचा सारखा केला. पूर्वी जाग आली नाही तर सकाळी जे असेल ते असायचं. आता रात्रभर कोणीतरी मोजत असतं, आणि मोजलं जातंय हे माहीत असलेल्या माणसाची झोप वेगळी असते. मला हे आधी कळलं असतं तरी मी यंत्र दिलंच असतं. पण हे कळल्यापासून रात्री तीनला माझीही झोप मोडते, आणि निफाडला मिसकॉल गेला असेल का, असं मनात येतं.

एका रात्री तो वेळेवर गेला. तीन वाजून गेलेले, ओढ्याकडे साडेपाच, पान चारच्या आत. मीही तिथेच होते. थ्री फेज लाइट त्या आठवड्यात दिवसाची होती. बोअर चालू करायला काहीच नव्हतं. आकडा हातात, पाणी जमिनीत, मध्ये वीज नाही. शेकोट्या पेटवल्या. ओला पाला, तुराट्या, जुने कागद. धुराने डोळे चुरचुरत होते, घसा धरला होता, आणि मी मधूनमधून पळत जाऊन पडदा बघत होते. शेकोटीशेजारच्या ओळीत अर्धा अंश चढायचा, झुळूक आली की उतरायचा. "काही फरक पडतोय का?" मामांनी विचारलं. मी जे दिसत होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "अर्धा तर अर्धा," आणि पुढच्या शेकोटीला पाला घालायला गेले. शेजारचे दोन बागायतदार तोवर बांधावर आले होते. त्यांना विजेचं माहीत होतं, शेकोटीचं माहीत होतं. त्यांना पानाचा आकडा ऐकायचा होता. मी सांगितला. त्यातल्या म्हाताऱ्या काकांनी लगेच खाली वाकून आपल्या हाताने पान धरून बघितलं, आणि "असेल" म्हणाले. मला फार बरं वाटलं.

आता त्या दोघांच्याही बागेत एकेक डबा आहे. तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि त्यावरून आता कोणी मला फोन करत नाही. फरक कुठे का पडतो याची चर्चा त्यांची त्यांच्यात चालते, बांधावर, चहावर, आणि तिच्यात मला नव्या गोष्टी कळतात. कोणत्या कडेला उसाचा फड असला की गारठा अडतो, विहिरीजवळची ओळ का वाचते.

यंदाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर मामांना कागद गुंडाळलेल्या घडाच्या आतलं तापमान हवंय. त्यासाठी स्टीलच्या नळीतला चालणार नाही, लहान, उघडा सेन्सर लागेल. आत ओल धरते म्हणून पायांवर नळी चढवून बंद करावं लागेल, आणि माल तोडायच्या दिवशी मण्यांना धक्का न लावता तो सोडवता आला पाहिजे. पेपरचा कागद धरायचा की पांढरा, असं मी विचारलं. म्हणाले, दोन्ही कर, एकेका ओळीत, कळेल तरी. आणि वायर जास्त आण, मागच्या वेळी ओढ्यापर्यंत पुरली नव्हती.